सवलतींची उतरंड

आमच्या बेसमेंटमध्ये दर शुक्रवारी रात्री पाच मुलं जमतात. पिझ्झा, वीस बाजूंचे फासे आणि माझी जुनी पुस्तकं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती, खरं तर साडेतीनावी, २००३ साली निघालेली. दुकानात आज नवीन आवृत्ती मिळते, पण लेकीला कपाटात माझी सापडली आणि तिच्या कंपूला तीच आवडली. "यात जास्त गणित आहे," असं ती म्हणते. ते खरं आहे.

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास ती एक कागद घेऊन वर आली. मागोमाग तिचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि पंचाचं काम करणारा पोरगा. दोघांचे चेहरे लाल.

"आई, तू निकाल दे. हा म्हणतो चालणार नाही. मी म्हणते, कुठे लिहिलंय चालणार नाही ते दाखव."

कागदावर एका शिरपट्टीचा हिशोब होता. बुद्धी चारने वाढवणारी जादूची पट्टी. बाजारभाव १६,००० मोहरा. लेकीच्या हिशोबाने ती स्वतः घडवायचा खर्च २,२०५. मी कागद हातात घेतला आणि क्षणभर काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी आकडे तपासते आहे. मला दुसराच एक आकडा आठवत होता. ३,१५०. याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेला.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातून. यात पट नाही, जिंकणं-हरणं नाही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, डीएमने प्रसंग उभा करायचा, आणि जमेल का नाही ते फाशांनी ठरवायचं. पात्रं लढतात, सोनं मिळवतात, त्या सोन्यातून जादूच्या वस्तू घेतात. साडेतीनाव्या आवृत्तीत या वस्तूंची रीतसर बाजारपेठच आहे. वस्तू तयार घेतली तर पूर्ण किंमत. जादूगाराने स्वतः घडवली तर निम्म्या किमतीचा कच्चा माल, दर हजार मोहरांमागे एक दिवस, आणि वर किमतीच्या पंचविसाव्या भागाइतके स्वतःचे अनुभव-गुण. म्हणजे १६,०००च्या पट्टीला ८,००० मोहरा, सोळा दिवस आणि ६४० गुण. हे गुण म्हणजे पात्राचं जगलेलं आयुष्य. वस्तू घडवणारा त्यात आपला थोडा जीव ओततो, असं त्या नियमामागे असावं. मला तो नियम फार आवडायचा. २००९मध्ये याच नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' आला, त्यात हा भाग काढून टाकला. का काढला ते समजतं, तरी हळहळ वाटते.

जुनी वस्तू विकायला गेलं तर निम्मी किंमत येते. निम्म्यात घडवा, निम्म्यात विका, फायदा शून्य. कोणीतरी नीट विचार करून हा तराजू सरळ धरलाय. आणि त्या तराजूत पासंग टाकायची सोयही त्याच कंपनीच्या पुढच्या पुस्तकांनी करून दिली आहे.

पात्राला तीन-तीन पातळ्यांनी एक 'फीट' निवडता येतं, म्हणजे एखादं खास कसब. जादूगाराला अधूनमधून एखादं जास्तीचं मिळतं. एबेरॉन या जगासाठी लिहिलेल्या पुस्तकात एक फीट आहे, कच्चा माल पंचवीस टक्के स्वस्त करणारं. फेरून या दुसऱ्याच जगाच्या पुस्तकात तसंच दुसरं. दोन जगं, दोन पुस्तकं. दोन्ही फीट एकाच पात्राने घेतली तर? ८,०००चे किती होतात?

याची तीन उत्तरं आहेत. एकाच प्रकारचा फायदा दोनदा घेता येत नाही असं म्हणा, ६,०००. आधी एक सूट काढा, मग उरलेल्यावर दुसरी, ४,५००. दोन्ही टक्के आधी एकत्र करून पन्नास टक्के काढा, ४,०००. इथे येऊन पहिल्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सेलला रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. वीस टक्क्यांचं कूपन तीस टक्के उतरवलेल्या भावावर लागतं की मूळ भावावर, हे काउंटरवरच्या बाईला विचारताना आपण सगळ्यांनीच श्वास रोखून धरलेला आहे.

पुस्तकात यावर एक गमतीदार नियम आहे. दुप्पट अधिक दुप्पट म्हणजे चौपट नव्हे, तिप्पट. पण हे फक्त फाशांसारख्या अमूर्त आकड्यांना लागू. वजन, अंतर अशा खऱ्याखुऱ्या मापांना मात्र नेहमीचं गणित. आता मला सांगा, खेळातलं सोनं यातलं कशात मोडतं? नियम सुटींबद्दल नाही, पटींबद्दल आहे, हे मला माहीत आहे. पण प्रश्न तिथे येऊन टेकतोच. ते सोनं नुसता आकडा आहे, की त्या जगात वजन असलेली वस्तू? विशीत मी यावर दोन-दोन तास वाद घातलेले आहेत. आणि त्या सगळ्या वादांत खरा प्रश्न बाजूलाच राहिला होता.

लेकीने फीट दोन्ही घेतली होती, ४,५००पर्यंत आली होती. तिथे तिच्या डीएमचीही हरकत नव्हती. भांडण पुढच्या दोन सुटींवरून होतं. पुस्तक म्हणतं, वस्तू चालवायला एखादं कौशल्य लागत असेल तर किंमत साधारण दहा टक्क्यांनी उतरवा. एखाद्या विशिष्ट पेशाच्या किंवा विशिष्ट वृत्तीच्या पात्रालाच ती चालत असेल तर साधारण तीस टक्क्यांनी. लेकीने त्या 'किंवा'चे दोन केले. ही पट्टी फक्त जादूगारालाच चालते: तीस टक्के. फक्त भल्या पण बेबंद वृत्तीच्या पात्रालाच चालते: आणखी तीस टक्के. तिचं पात्र कोण? भल्या, बेबंद वृत्तीची जादूगार. (तिने सूट एकावर एक काढली होती हे तिचं सौजन्य. चारही टक्के बेरजेने धरले असते तर एकशे दहा झाले असते, आणि पट्टी घडवल्याबद्दल विश्वानेच तिला वर ८०० मोहरा दिल्या असत्या.)

आपल्याकडे काशीला गेलं की एखादी आवडती भाजी किंवा फळ कायमचं सोडायची रीत. माझ्या आजीने सीताफळ सोडलं. मागच्या अंगणात झाड होतं, दर दिवाळीच्या आगेमागे ते लगडायचं आणि आजी आम्हाला गर काढून द्यायची, स्वतः बोट चाटायची नाही. तिच्याबरोबर गेलेल्या धाकट्या दिरांनी कारलं सोडलं. "भाऊजींनी कारलं सोडलं हो," आजी म्हणायची, "जन्मात कधी पानात घेतलं नव्हतं ते." दोघांना पुण्य सारखंच मिळालं असेल का, हा माझ्या आयुष्यातला पहिला तात्त्विक प्रश्न. आजीचं उत्तर असं की ते काशीविश्वेश्वराला कळतं, आपण नाक खुपसू नये.

पण बेसमेंटमध्ये काशीविश्वेश्वर नसतो. तिथे डीएम असतो, सोळा वर्षांचा, आणि त्याच्या हातात फक्त नियमाचं पुस्तक.

फीटची सूट आणि बंधनाची सूट या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. फीट घेताना पात्र दुसरं काहीतरी सोडून देतं. ते कसब घेतलं नसतं तर दुसरं एखादं आलं असतं, एखाद्या लढाईत जीव वाचला असता. ती किंमत आधीच चुकती केलेली आहे. सूट म्हणजे तिची पावती. बंधनाची सूट म्हणजे वचन. ही वस्तू मला कमी कामाची होईल, म्हणून स्वस्त द्या. आणि ते बंधन मला कधीच आडवं येणार नसेल, तर मी कारलं सोडून सीताफळाचं पुण्य मागते आहे.

एवढं म्हणून थांबले असते तर ते सोपं होतं. पण ३,१५०चं काय?

२००४मध्ये मी एमएस करायला मॅडिसनला आले. लेक जिनीव्हा त्याच राज्यात आहे हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो, बाहेर शून्याखाली, आणि करायला काही नाही. लॅबमधल्या एकाने बोलावलं. पाच जण होतो, मी एकटी देशी. पहिल्या महिन्यात मला निम्मं कळायचं नाही, पण नियमाचं पुस्तक कळायचं. पुस्तक वाचून परीक्षा द्यायची सवय होतीच. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत टेबलावर कुणालाही नियम अडला की सगळे माझ्याकडे बघायचे. परक्या देशात ही गोष्ट किती सुखाची असते ते सांगता येत नाही.

माझं पात्र जादूच्या वस्तू घडवणारं. आमच्यातला एक जण मृदाशास्त्राचा विद्यार्थी होता, अबोल, आठवडाभर शेतांतून मातीचे नमुने गोळा करून आलेला. तो साधा योद्धा खेळायचा. तलवार, ढाल, बाकी काही नाही. त्याला बळ वाढवणारा कमरपट्टा हवा होता. योगायोगाने त्याचीही किंमत १६,०००च. मी म्हटलं, मी घडवून देते, घडवणावळीच्या भावात. ८,०००. दहाव्या पातळीच्या पात्राकडे सगळं मिळून साधारण ४९,०००ची मत्ता असावी असा पुस्तकाचा अंदाज; म्हणजे त्याच्या सगळ्या संपत्तीचा सहावा हिस्सा. त्याने जुनी जादूची ढाल विकून पैसे दिले, आणि मनापासून आभार मानले.

मला तो पट्टा ३,१५०ला पडला. दोन फीट मिळून ४,५००, आणि वर 'फक्त योद्ध्यांनाच चालेल' हे बंधन टाकून तीस टक्के. तो योद्धाच होता, त्याला काय फरक पडणार? डीएमने माझा कागद न वाचताच टिकमार्क केला, कारण नियम मला येतात हे सगळ्यांना माहीत होतं. उरलेल्या ४,८५० मोहरा मी माझ्या पात्राच्या खात्यात जमा केल्या. फसवलं असं मला वाटलं नाही. गुण माझे जळले होते, फीट माझी खर्ची पडली होती. मजुरी समजा. मजुरी घेणार आहे हे मात्र मी त्याला सांगितलं नव्हतं.

पुढे फेब्रुवारीत एका प्रसंगात आम्ही भुयारात अडकलो. वरून सरकत येणारं लोखंडी गजांचं दार खाली आलेलं, मागून पाणी चढतंय, आणि योद्धा बेशुद्ध. आमच्यातल्या बार्बेरियनने दार उचलायचा प्रयत्न केला, थोडक्यात हुकला. मग कुणीतरी म्हणालं, अरे, त्याचा पट्टा काढून तू बांध. चांगली युक्ती होती, सगळे एकदम खूश झाले. डीएमने सहज विचारलं, "पट्ट्यावर काही बंधन नाही ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. कागद माझ्या फाइलमध्ये होता. मी सांगितलं. मग बंधन का, असं त्यांनी विचारलं, मग तीस टक्के निघाले, मग सगळाच हिशोब टेबलावर आला. मृदाशास्त्रवाल्याने कागद वाचला, परत केला आणि म्हणाला, ठीक आहे, खोटं सोनं आहे. भुयारातून आम्ही दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने निघालो. तो त्यानंतर दोनदा आला. मग त्याचं शेतावरचं काम वाढलं.

ते खोटं सोनं होतं हे खरंच आहे. पण ढाल विकायची की नाही यावर त्याने दोन शुक्रवार घालवले होते, ते शुक्रवार खरे होते. आणि पट्ट्यावरचं बंधन मी 'फुकटचं' म्हणून टाकलं होतं. ते फुकट नव्हतं, फक्त त्याचं बिल माझ्या नावावर येणार नव्हतं. इतकी वर्षं मी सवलतींच्या चळतीकडे गणित म्हणून बघत आले: बेरीज की गुणाकार. विचारायचं ते हे होतं की जेवढी किंमत उतरली तेवढी कोणाच्या अंगावर चढली. कारल्याचा त्याग निदान निरुपद्रवी होता. आजोबांच्या कारल्यामुळे कुणी भुयारात अडकलं नाही.

नियमांतून वाट काढणाऱ्यांवर माझा राग नाही, मीच त्यांच्यातली. 'पन-पन' नावाचा एक कोबोल्ड या खेळाच्या जगात प्रसिद्ध आहे. किरकोळ सरड्यासारखा प्राणी, पण निरनिराळ्या पुस्तकांतले नियम एकमेकांवर रचत लोकांनी त्याला कागदावर अमर्याद सामर्थ्य दिलं. ती करामत मोठी सुंदर आहे. तो खेळायला म्हणून केलेलाच नाही; ते एक कोडं आहे, बुद्धिबळातल्या रचलेल्या डावासारखं. कोड्यात समोर कुणी बसलेलं नसतं. टेबलाभोवती चार माणसं असतात.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा मथितार्थ असा की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने ओढवून घेणं. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन भोकात टाकणं जास्त सोयीचं, पण मग तो गोल्फ राहत नाही. मला ही व्याख्या पटते, पण आमच्या भुयारात ती कमी पडते. मी अडथळा टाळला नव्हता, नियमाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पाच जणांनी मिळून ओढवून घेतलेला अडथळा मी एकटीने हलका करून घेतला, एवढंच.

आणि हे फक्त खेळापुरतं होतं असंही नाही. त्याच हिवाळ्यात आमच्यातल्या कित्येकांनी भारतात जाण्याआधी व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला आणि परत आल्यावर नव्वद दिवसांच्या आत दुकानात परत केला. मीही. बहिणीचं अख्खं लग्न त्यावर टिपलेलं. दुकानाची पॉलिसी होती, कारण विचारत नसत. "देतात म्हणून घेतो," असं आम्ही म्हणत असू. दुकान मोठं होतं, फरक कुणी भरला ते आम्हाला कधी दिसलं नाही. योद्ध्याचा चेहरा निदान दिसला.

"आई?" लेक म्हणाली. "चालेल की नाही?"

पुस्तकही याबाबत तितकं बावळट नाही, हे मी आधी दोघांना दाखवलं. सूत्रं ही अंदाजासाठी आहेत, नव्या वस्तूची किंमत काढायचा सोपा मार्ग म्हणजे आधीच्या तशाच वस्तूशी तुलना, असं त्यातच म्हटलंय. आंधळेपणाने सूत्र वापरलं तर हल्ल्यात वीसची भर घालणारा अखंड मंत्र २,०००मध्ये पडतो, आणि हल्ल्यात जेमतेम पाचची भर घालणाऱ्या तलवारीची जादू मात्र ५०,०००ला. डीएमचा चेहरा उजळला. मग त्याला म्हटलं, फीट दोन्ही लागू, एकावर एक, ४,५००. ती तिने कमावली आहेत. त्याचा चेहरा उतरला.

"आणि बंधन?"

"तुला कधीतरी अडवेल असं बंधन आण. मग बोलू."

ती जिन्यावरच बसून विचार करायला लागली. अमावास्येलाच चालणारी पट्टी? नको, अमावास्येची वाट बघत सगळे थांबतील, म्हणजे बाकीच्यांनाही त्रास. घातल्यावर बोलता न येणारी? पण मग मंत्र कसे म्हणणार. मला बरं वाटलं, कारण 'बाकीच्यांना' हा शब्द तिचा तिने काढला होता. शेवटी तिने पेन्सिलीने २,२०५ खोडून ४,५०० लिहिले आणि डीएमला खाली पाठवलं. स्वतः मात्र थांबली. शेवटच्या पानावरचा माझा आकडा तिने आधीच पाहिला होता.

"हे ३,१५० काय आहे?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाच "आई गं!" म्हणाली. मग विचारलं, "नंतर तू त्याला पैसे परत दिलेस का? गेममध्ये?"

"नाही. तो यायचाच थांबला."

"मग ईमेल कर ना."

पंधराव्या वर्षी हे इतकं सोपं असतं. त्याचा पत्ता शोधायला मला पाच मिनिटं लागली. तो अजूनही मातीवरच काम करतो, इथून दोन राज्यं पलीकडे. ड्राफ्टमध्ये तीन मजकूर पडून आहेत. वीस वर्षांनी, ओळख जेमतेम आठवत असेल अशा माणसाला, ४,८५० काल्पनिक मोहरांबद्दल. विषयाच्या ओळीत काय लिहावं, तिथेच अडलंय.